नवल वाटले, पुढे काय?

रेचेल कार्सन हे नाव आपल्यापैकी बहुतेकांना माहीत असते ते 'सायलेंट स्प्रिंग' या पुस्तकामुळे. डीडीटीसारख्या कीटकनाशकांच्या बेसुमार वापरामुळे पक्षी, मासे आणि माणूस यांच्यावर काय ओढवते आहे, हे त्यांनी १९६२ साली पुराव्यांसह मांडले आणि अमेरिकेत मोठे वादळ उठले. याच लेखिकेचे दुसरे एक अगदी छोटे पुस्तक आहे, 'द सेन्स ऑफ वंडर'. ते तासाभरात वाचून होते. मोठ्या माणसाने लहान मुलाला घेऊन निसर्गात कसे जावे, एवढाच त्याचा विषय. निसर्गशिक्षणाविषयी लिहिणारे-बोलणारे लोक या पुस्तकाचा आधार पुन्हा पुन्हा घेतात. बहुधा त्यातले एकच सूत्र सांगितले जाते : लहान मुलाच्या बाबतीत जाणण्यापेक्षा वाटणे महत्त्वाचे.

हे सूत्र ऐकायला गोड आहे. पाठांतराला विटलेल्या शिक्षकाला तर ते फारच पटते. म्हणूनच ते तपासून घेतले पाहिजे. या पुस्तकात लेखिका जे सांगतात आणि जे प्रत्यक्ष करून दाखवतात, त्यांत थोडे अंतर आहे. माझ्या मते करून दाखवलेला भाग सांगितलेल्या भागापेक्षा अधिक मोलाचा आहे. शिक्षकाने हे पुस्तक वाचताना त्या भागाकडे लक्ष ठेवावे, असे सुचवण्यासाठी हा लेख.

पुस्तकामागची हकिकत

मूळ लेखन पुस्तक म्हणून झालेले नाही. १९५६ सालच्या जुलै महिन्यात 'वुमन्स होम कंपॅनियन' या अमेरिकी मासिकात एक लेख आला. मुलाच्या मनात नवल जागे राहावे म्हणून पालकांनी काय करावे, असा त्याचा रोख होता. तो वाढवून त्याचे पुस्तक करावे, असे कार्सन यांच्या मनात होते. पण १९६४ साली, वयाच्या ५६व्या वर्षी, कर्करोगाने त्यांचा मृत्यू झाला. १९६५ साली तो लेख छायाचित्रांसह पुस्तकरूपाने निघाला. म्हणजे आपल्या हातात असलेले पुस्तक हा एक अपुरा राहिलेला आराखडा आहे. त्यातल्या उणिवा पाहताना ही गोष्ट विसरू नये.

लेखात दोन पात्रे आहेत, कार्सन आणि त्यांच्या भाचीचा मुलगा रॉजर. स्थळ मेन राज्याचा खडकाळ समुद्रकिनारा. तिथे कार्सन यांचे उन्हाळ्यात राहण्याचे घर होते. रॉजर अवघा वीस महिन्यांचा असताना एका वादळी रात्री त्या त्याला पांघरुणात गुंडाळून अंधारात किनाऱ्यावर नेतात. लाटा गर्जत असतात आणि दोघेही आनंदाने हसत सुटतात. पुढे विजेरी घेऊन वाळूवरचे फिकट खेकडे शोधायला जाणे, पावसात जंगलातून भटकणे, चंद्र मावळताना पाहायला उशिरापर्यंत जागणे, असे प्रसंग येतात. झोपेची वेळ टळते हे त्यांना मान्य आहे. त्यांच्या मते ती किंमत मोजण्याजोगी आहे.

'वंडर' या शब्दाला मराठीत काय म्हणावे? 'कुतूहल' म्हटले की त्यात प्रश्न येतो, 'आश्चर्य' म्हटले की धक्का येतो. 'नवल' त्यातल्या त्यात जवळ आहे, कारण रोजचीच गोष्ट नव्याने दिसण्याला आपण नवल म्हणतो. कार्सन यांना नेमके हेच हवे आहे. ताऱ्यांनी भरलेले आकाश शंभर वर्षांतून एकदाच दिसत असते, तर लोक घराबाहेर लोटले असते; ते रोज दिसते म्हणून कोणी वर पाहत नाही, असा त्यांचा मुद्दा आहे.

सोबत कशासाठी?

पुस्तकातला सर्वांत भक्कम विचार सोबतीचा आहे. मुलाचे नवल टिकायचे असेल तर ते वाटून घेणारे निदान एक मोठे माणूस त्याच्याजवळ हवे, असे कार्सन म्हणतात. 'मला एक पक्षी ओळखता येत नाही, मी मुलाला काय शिकवणार?' असे म्हणणाऱ्या पालकांना त्या धीर देतात. तुम्ही शिकवू नका, बरोबर पाहा, एवढेच त्या सांगतात.

या विचाराला पुढे मानसशास्त्रातून चांगला आधार मिळाला. १९७५ साली स्कैफ आणि ब्रूनर या संशोधकांनी 'नेचर' या नियतकालिकात तान्ह्या मुलांवरचा एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. मोठ्या माणसाने मान वळवून एखाद्या दिशेला पाहिले की बाळही तिकडे पाहते का, एवढेच त्यांनी तपासले. ही क्षमता पहिल्या वर्षात वाढत जाते आणि वर्षाच्या सुमारास पक्की झालेली दिसते, असे त्यांना आढळले. पुढे मूल स्वतः बोट दाखवू लागते आणि बोट दाखवल्यावर वळून आपल्या चेहऱ्याकडे पाहते : तूही पाहिलेस ना? दोघांचे लक्ष एकाच गोष्टीवर असणे आणि तसे ते आहे हे दोघांनाही ठाऊक असणे, या पायावर भाषा उभी राहते. कोणती गोष्ट पाहण्याजोगी आहे हेही मूल याच वाटेने शिकते.

वर्गात याचा अर्थ सरळ आहे. सहलीच्या वेळी मुलांना बागेत सोडून शिक्षक सावलीत गप्पा मारत बसले, तर मुले निसर्गात गेली, पण सोबत झाली नाही. उलट शाळेच्या भिंतीवर पावसाळ्यात आलेल्या शेवाळावर शिक्षक पाच मिनिटे खरोखर रेंगाळले, तर पाठीमागची मुले आपोआप वाकतात. मुलांना आपल्या उपदेशापेक्षा आपली नजर लवकर वाचता येते. आज 'सजग पालकत्व' या नावाने जे सांगितले जाते, त्यातले बरेचसे कार्सन यांनी तो शब्द न वापरता साठ-सत्तर वर्षांपूर्वी सांगून ठेवले आहे.

जाणणे विरुद्ध वाटणे

आता वादाचा मुद्दा. भावना ही जमीन आणि माहिती हे बी, अशा अर्थाची उपमा कार्सन वापरतात. बालपण जमीन तयार करण्यासाठी असते, बी मागाहून पेरता येते, असा त्यांचा सल्ला आहे. त्यात तथ्य आहे. मुलाला फुलाचा वास घेऊ देण्याआधीच त्याच्यावर निदल, प्रदल, पुंकेसर यांचा मारा केला, तर फूल हरवते हे आपण रोज पाहतो.

पण हा क्रम त्या स्वतः पाळतात का? लेखातच पाहा. चालता चालता त्या रॉजरला शंखशिंपल्यांची आणि झाडांची नावे सहज सांगत जातात. पाठ करून घेत नाहीत, पण सांगतात. त्यांना ज्याचे नवल वाटते त्याचे नाव त्यांच्या तोंडून निघते आणि मूल ते उचलते. पुढे त्या रानातल्या वनस्पतींच्या रंगीत स्लाइड दाखवतात तेव्हा हा चिमुरडा नावे ओळखतो. जुनिपरचे नाव तो बोबडे घेतो. त्याची हिरवी फळे आपण खायची नाहीत, ती खारींसाठी आहेत, हेही सांगतो. यातले 'वाटणे' कुठे संपते आणि 'जाणणे' कुठे सुरू होते? दोन्ही एकाच वेळी, एकाच वाक्यात येते.

नाव कळले की गोष्ट वेगळी दिसू लागते, हा शिक्षकाचा रोजचा अनुभव आहे. 'पाखरू' म्हणून सोडून दिलेल्या पक्ष्याचे नाव कोतवाल आहे आणि तो आपल्याहून मोठ्या घारीच्या मागे लागतो हे कळले, की दुसऱ्या दिवशी मुले विजेच्या तारेवर तोच शोधतात. नाव ही पुढच्या ओळखीची खुंटी असते. नावापाशीच थांबणे वाईट. नावच न सांगणे हाही काही गुण नव्हे.

कार्सन यांचे स्वतःचे आयुष्यही या सूत्राला पुरते धरून नाही. त्यांच्या आई मारिया पूर्वाश्रमीच्या शिक्षिका होत्या आणि त्या काळी अमेरिकेत जोरात असलेल्या निसर्गअभ्यास चळवळीचा त्यांच्यावर प्रभाव होता. त्या चळवळीतल्या ॲना कॉमस्टॉक यांनी १९११ साली शिक्षकांसाठी एक जाडजूड हस्तपुस्तिका लिहिली. तिच्यात निरीक्षणाचे नेमके प्रश्न भरलेले आहेत. मुलाने विचारलेले ठाऊक नसेल तर शिक्षकाने मोकळेपणाने तसे सांगावे आणि दोघांनी मिळून शोधावे, हा सल्लाही त्यात आहे. अशा आईच्या बोटाला धरून रेचेल रानात फिरली. पुढे तिने प्राणिशास्त्रात एम. ए. केले आणि सरकारी मत्स्यखात्यात नोकरी केली. प्रस्तुत लेखाच्या आदल्याच वर्षी, १९५५ साली, त्यांचे किनाऱ्यावरच्या जीवसृष्टीविषयीचे पुस्तक आले. त्याच्या शेवटी सागरी जीवांच्या वर्गीकरणाचे परिशिष्ट आहे. इतके जाणणाऱ्या माणसाने 'जाणणे तितकेसे महत्त्वाचे नाही' म्हणणे हे, पोटभर जेवलेल्याने अन्नाची महती कमी सांगण्यासारखे आहे.

लेखाच्या शेवटी शेवटी त्या ओटो पेटरसन या स्वीडिश समुद्रशास्त्रज्ञाची आठवण काढतात. नव्वदी ओलांडलेल्या या माणसाचे कुतूहल अखेरपर्यंत ताजे होते. उदाहरण सुंदर आहे, पण ते नेमके कोणाचे आहे? आयुष्यभर समुद्र मोजण्यात घालवलेल्या माणसाचे. मोजमापाने त्याचे नवल आटले नाही. उलट त्यावरच ते पोसले गेले असावे.

नवल आणि काळजी

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. या पुस्तकाच्या आधाराने असे गृहीत धरले जाते की, मुलाला निसर्गाचे नवल वाटले की त्याच्या मनात निसर्गाविषयी माया आपोआप उपजेल. मुलांमध्ये वावरणाऱ्याला हे इतके सोपे वाटणार नाही. चतुराच्या शेपटीला दोरा बांधून त्याला उडवणाऱ्या मुलाला चतुराचे नवल वाटत नसते का? पैसा किडा गोल गुंडाळतो म्हणून त्याला काडीने पुन्हा पुन्हा डिवचणारी मुले कंटाळलेली नसतात, रंगून गेलेली असतात. नवल आणि छळ एकाच हाताच्या अंतरावर असतात. तो हात कुठे थांबवायचा हे कोणीतरी दाखवावे लागते.

कार्सन हा प्रश्न उघडपणे घेत नाहीत. पण त्याचे उत्तर त्यांच्या लेखात आहे, आणि माझ्या दृष्टीने ते या पुस्तकातले सर्वांत चांगले पान आहे. जंगलात स्प्रूस वृक्षांची इवली इवली रोपे उगवलेली असतात. कार्सन रॉजरबरोबर एक खेळ सुरू करतात. हे रोप म्हणजे खारीचे नाताळचे झाड, त्याहून लहान ते किड्यांचे, जरा मोठे ते सशाचे. नाताळच्या आदल्या रात्री खारी येऊन त्यावर शिंपले आणि दगडफुलाचे धागे टांगणार. खेळ रंगतो आणि त्यानंतर प्रत्येक फेरीत आरोळी उठू लागते की झाडावर पाय देऊ नका!

इथे काय घडले ते नीट पाहू. मुलाने आधी रोप पाहिले. मग ते कुणाचे तरी आहे अशी गोष्ट आली. गोष्टीतून नियम निघाला, आणि तो मोठ्यांनी न लादता खेळाने घालून दिला. शेवटी पाय टाकण्याची रीत बदलली. निसर्गाविषयीची काळजी म्हणजे नुसती हळवी भावना नसते. पाऊल कुठे ठेवावे याची सवय असते. जमीन आणि बी या उपमेत ही सवय कुठेच बसत नाही. खारीच्या झाडाच्या खेळात ती नेमकी सापडते.

उरलेला अर्धा भाग पुस्तकाबाहेर सापडतो. लेख छापून आला त्याच्या पुढच्याच महिन्यात, ऑगस्ट १९५६ मध्ये, कार्सन यांनी डोरोथी फ्रीमन या मैत्रिणीला एक पत्र लिहिले. दोघींचा पत्रव्यवहार १९९५ साली 'ऑलवेज, रेचेल' या नावाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला आहे. त्यात ही हकिकत आहे. मध्यरात्री कार्सन आणि रॉजरची आई किनाऱ्यावर गेल्या होत्या. सूक्ष्म जीवांमुळे समुद्राचे पाणी चमकत होते. त्यातली एक ठिणगी हवेत उठली. तो काजवा होता. काजवे प्रकाशाच्या उघडझापीने एकमेकांना खुणावतात. पाण्यातल्या चमका त्याला आपल्याच जातीच्या वाटल्या असाव्यात, म्हणून तो लाटांवर खाली खाली उतरत राहिला आणि ओल्यात अडकला. कार्सन पाण्यात शिरल्या, त्याला उचलले आणि पंख वाळावेत म्हणून रॉजरच्या खेळण्यातल्या बादलीत ठेवले.

हा प्रसंग लेखात असता तर लेखाचे सूत्रच बदलले असते. चमकणारे पाणी आणि वरचा काजवा हे दृश्य कुणालाही मोहवील. पण काजवा कशासाठी लुकलुकतो आणि समुद्र कशाने चमकतो, या दोन्ही गोष्टी माहीत असलेल्यालाच त्या दृश्यात संकटात सापडलेला एक जीव दिसेल. इथे माहिती भावनेच्या मागून आली नाही. माहितीमुळेच काळजी वाटली आणि काळजीमुळे पाय भिजले. या घटनेवर मुलांसाठी गोष्ट लिहावी असे त्यांच्या मनात आले होते, पण ती लिहून झाली नाही.

संशोधन काय सांगते?

बालपणी निसर्गात वावरलेली मुले पुढे निसर्गाची काळजी घेतात, याला शास्त्रीय पुरावा आहे का, असा प्रश्न विज्ञानाच्या शिक्षकाने विचारायलाच हवा. थॉमस टॅनर यांनी १९८० साली अमेरिकेतल्या पर्यावरण-कार्यकर्त्यांना, तुम्ही या वाटेला कसे आलात, असे विचारले. लुईस चावला यांनी १९९०च्या दशकात केंटकी आणि नॉर्वे इथल्या कार्यकर्त्यांच्या मुलाखती घेतल्या. दोन्हीकडे बालपणीच्या मोकळ्या जागा आणि निसर्गाची गोडी लावणारे मोठे माणूस या गोष्टी ठळकपणे पुढे आल्या. कार्सन यांच्या म्हणण्याशी हे जुळते.

पण अशा अभ्यासांची मर्यादा ओळखली पाहिजे. ही माणसे मागे वळून आठवत असतात आणि आठवण आजच्या रंगात रंगते. शिवाय तसेच बालपण गेलेली, पण कार्यकर्ती न झालेली माणसे या मुलाखतींत नसतात. यशस्वी गायकांना विचारून 'पहाटे उठल्याने गळा सुधारतो' असे ठरवण्यात जो धोका आहे, तोच इथे आहे. वेल्स आणि लेकीज यांनी २००६ साली अमेरिकेतल्या सुमारे दोन हजार प्रौढांच्या उत्तरांवरून हाच संबंध तपासला. वयाच्या अकराव्या वर्षापूर्वी रानावनात वावरल्याचा पुढच्या वागण्याशी संबंध दिसला. मात्र त्या 'वावरण्या'त भटकंती आणि तंबूतला मुक्काम यांच्याबरोबर शिकार आणि मासेमारीही धरली होती. संबंध दिसणे आणि कारण सापडणे या दोन गोष्टी वेगळ्या, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. आवडत्या निष्कर्षाच्या बाबतीतही ते लक्षात ठेवायला हवे.

२००५ साली रिचर्ड लूव यांनी 'निसर्गाच्या उणिवेचा विकार' अशा अर्थाचा शब्दप्रयोग रूढ केला. ते वैद्यकीय निदान नव्हे, असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. तरीही तो शब्द ऐकून पालक घाबरतात आणि निसर्ग हे मुलांना पाजायचे एक टॉनिक होऊन बसते. महागड्या शिबिराचा डोस दिला की झाले! कार्सन यांच्या पुस्तकात ही घाई अजिबात नाही. त्यासाठी ते आजही वाचावे.

आपल्या वर्गासाठी

एक मूल, सुट्टीचे दिवस आणि समुद्रकाठचे घर ही या पुस्तकाची पार्श्वभूमी आहे. रॉजरची आई १९५७ च्या आरंभी वारली आणि कार्सन यांनी पाच वर्षांच्या रॉजरला दत्तक घेतले. त्यानंतरची रोजची ओढाताण, आजारपण आणि 'सायलेंट स्प्रिंग'चे काम यांतून केलेले संगोपन या लेखात नाही, असणे शक्यही नव्हते. पन्नास मुलांचा वर्ग आणि फरसबंद अंगण वाट्याला आलेल्या शिक्षकाला म्हणूनच पुस्तक थोडे परके वाटेल. शहरात राहणाऱ्यांसाठी त्यात काही ओळी आहेत. इमारतीच्या कोपऱ्यावर घोंगावणारा वारा ऐका, खिडकीतल्या कुंडीत बी पेरा, भिंग घेऊन पाहा, असे त्या सुचवतात. पण हा भाग घाईत उरकलेला आहे.

ती उणीव भरून काढणे आपल्या हातात आहे, आणि त्याला मेनचा किनारा लागत नाही. परिसर अभ्यासाच्या तासाला वर्षभरासाठी एकच झाड किंवा भिंतीचा एकच कोपरा निवडावा. तिथे पुन्हा पुन्हा जावे, आणि जाताना शिक्षकाने स्वतः पाहावे. नाव माहीत असेल तर सांगावे, नसेल तर मुलांबरोबर शोधावे. हातात घेतलेला किडा ज्या दगडाखालून उचलला त्याच दगडाखाली परत ठेवावा आणि दगड हलकेच पूर्ववत करावा. बुलबुलाचे घरटे सापडले तर किती अंतरावर उभे राहायचे ते मुलांनीच ठरवावे, आणि ते का, हे त्यांनी एकमेकांना सांगावे.

'द सेन्स ऑफ वंडर' शाळेच्या ग्रंथालयात जरूर असावे. त्यातली छायाचित्रे सुंदर आहेत, पण ती आधी पाहू नयेत, कारण ती आपल्या वाट्याचे पाहणे स्वतःच करून टाकतात. आणि वाचताना जमीन-बियांच्या उपमेपेक्षा खारीच्या झाडापाशी अधिक वेळ थांबावे. वाटणे, जाणणे आणि जपणे या तिन्ही गोष्टी तिथे एका लहान मुलाच्या पावलात एकत्र आल्या आहेत.